पहिला रुग्ण कोण ओळखणार? जैविक दहशतवादाची सरकारी तयारी यवतमाळमधून वाचताना

सरकारी धोरणावर टीका करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात. बहुतेक संशोधन-प्रस्तावांत ही टीका एका ठरलेल्या वाक्यावर येऊन थांबते: धोरण चांगलं आहे, पण अंमलबजावणी कमी पडते. हे वाक्य रोजगार हमीपासून स्मार्ट सिटीपर्यंत कशालाही चिकटवता येतं. जे वाक्य सगळीकडे बसतं ते कुठल्याच एका गोष्टीबद्दल काही सांगत नाही. म्हणून आज एक उदाहरण घेऊन, धोरणाचा कागद कसा वाचावा ते बघू. विषय आहे जैविक दहशतवादाला तोंड देण्याची सरकारी आरोग्ययंत्रणेची तयारी. आणि जागा, दिल्ली किंवा मुंबई नाही, यवतमाळ जिल्हा.

यवतमाळच का? कारण 2017 या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. त्या शेजारी ठेवून वाचल्या की बरंच काही दिसतं.

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. साथरोग, जैविक दहशतवाद आणि आपत्ती यांचा प्रतिबंध, नियंत्रण व व्यवस्थापन असा त्याचा विषय. मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेल्या 1897 च्या साथरोग कायद्याच्या जागी तो यायचा होता.

त्याच वर्षी जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात येऊ लागले. मळमळ, उलट्या, डोळ्यांची आग, अंधूक दिसणं, श्वासाचा त्रास, शुद्ध हरपणं. प्रकरण राज्यभर गाजेपर्यंत किमान 20 जण दगावले होते, आणि विषबाधा झालेल्यांचा आकडा 800 च्या वर गेला होता. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही जनहित याचिका गेली.

पहिली घटना कागदावरची, दुसरी वॉर्डातली. पहिलीत हल्ला झाला तर काय करायचं ते लिहिलं होतं. दुसरीत हल्ला नव्हताच, तरी एका जिल्ह्यात शेकडो माणसं एकाच प्रकारे आजारी पडत होती.

हे तर कीटकनाशक होतं!

इथं कुणीही हात वर करून म्हणेल की फवारणीच्या विषबाधेचा जैविक दहशतवादाशी काय संबंध? आक्षेप बरोबर आहे आणि तो सुरुवातीलाच निकालात काढायला हवा. मार्गदर्शकांनी विचारायच्या आधी आपणच विचारलेला बरा.

फरक तीन आहेत. एक, कीटकनाशक हे रसायन आहे, जिवाणू-विषाणू नाही, त्यामुळे ते एकाकडून दुसऱ्याकडे साथीसारखं पसरत नाही. दोन, इथं कुणाचा घातपाताचा हेतू नव्हता. तीन, हल्ल्याच्या वेळी पुरावे जपणं, पोलिसांशी समन्वय राखणं ही कामं आरोग्ययंत्रणेवर येतात, ती इथं तशी आली नाहीत. म्हणजे विलगीकरण, लसीचा साठा, गुन्ह्याचा तपास या बाबतीत यवतमाळ आपल्याला काहीही शिकवू शकत नाही. तसा दावा केला तर तो चुकीचा ठरेल.

पण हल्ल्याचे पहिले काही दिवस आठवा. त्या दिवसांत हेतू कुणालाच माहीत नसतो. रुग्ण दारात येतो तेव्हा त्याच्या कपाळावर 'जैविक', 'रासायनिक', 'अपघात', 'घातपात' असा शिक्का नसतो. डॉक्टरांसमोर फक्त लक्षणं असतात. अंधूक दिसतंय, हातपाय गळालेत, श्वास घेता येत नाही. हे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकानं होऊ शकतं, तसंच बोट्युलिझमनंही होऊ शकतं. बोट्युलिझमचं विष एका जिवाणूपासून तयार होतं, आणि जैविक हल्ल्यात वापरल्या जाऊ शकणाऱ्या घटकांच्या यादीत ते अगदी वरच्या गटात असतं. ऑर्गनोफॉस्फेटमध्ये डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि तोंडाला लाळ सुटते. बोट्युलिझममध्ये बाहुल्या बहुधा मोठ्या होतात आणि तोंड कोरडं पडतं. हा फरक ओळखायला बीएसएल-4 प्रयोगशाळा लागत नाही. टॉर्च लागतो, अनुभवी डोळा लागतो, आणि शंका घ्यायला सवड लागते.

म्हणून माझा मुद्दा मर्यादित आहे. हल्ल्याला नाव पडण्याआधीचा टप्पा, म्हणजे ओळखणं, तपासणं, मोजणं आणि वर कळवणं, एवढ्यापुरतीच यवतमाळची 2017 ची घटना ही तयारीची खरी परीक्षा होती. आणि कागदांची सगळ्यात मोठी उणीव नेमकी याच टप्प्यात आहे.

कागद कुठून सुरू होतात?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जुलै 2008 मध्ये जैविक आपत्तींच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. हा दस्तऐवज टाकाऊ नाही, हे आधी सांगतो. त्यात रोगसर्वेक्षण आहे, प्रयोगशाळांचं जाळं आहे, जनावरांच्या साथी आणि शेतीवरचा दहशतवाद यांची वेगळी प्रकरणं आहेत. आपल्या यंत्रणेत काय कमी आहे याची कबुलीही आहे. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांनी जरूर वाचावा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. याच प्राधिकरणानं औद्योगिक रासायनिक आपत्तींची तत्त्वं 2007 मध्ये वेगळी काढली, आणि रासायनिक दहशतवादाची 2009 मध्ये आणखी वेगळी. मंत्रालयात बसून बघितलं तर ही विभागणी सोयीची आहे, कारण प्रत्येक विषयाचं खातं निराळं आहे. आर्णी किंवा घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात मात्र तीन पुस्तकं, तीन समित्या आणि एकच मेडिकल ऑफिसर असं गणित होतं. रुग्ण कुठल्या पुस्तकातला आहे हे ठरल्यावर पुस्तक उघडायचं, आणि ठरवायचं कसं ते पुस्तकात शोधायचं, असा हा घोळ.

2017 च्या मसुद्यात तर हा कल अजून स्पष्ट दिसतो. साथीचे आजार आणि जैविक हल्ल्याचे संभाव्य घटक यांच्या याद्या जोडलेल्या. राज्य सरकारपासून जिल्हा आणि स्थानिक प्राधिकरणापर्यंत सगळ्यांना अधिकार: जागेत शिरून तपासणी करायची, माणसाला वेगळं ठेवायचं, वैद्यकीय तपासणी करायला लावायची, बाजार बंद करायचे, न ऐकणाऱ्याला दंड करायचा. मसुदा वाचताना मी एक साधी युक्ती वापरतो, तुम्हीही वापरून बघा. प्रत्येक कलमाच्या समासात लिहायचं: हे कलम कुणाला अधिकार देतं, आणि कुणावर कर्तव्य टाकतं? पहिली बाजू भराभर भरत जाते. दुसऱ्या बाजूला नागरिक दिसतो, कारण पाळायचं त्यानं आहे. जिल्हा रुग्णालयात अमुक तपासणी चालू असलीच पाहिजे, अमुक औषधाचा साठा असलाच पाहिजे, नसेल तर जबाबदार कोण, हे शोधायला गेलं की समास कोरा राहतो.

तो मसुदा पुढे कायदा झाला नाही. मार्च 2020 मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्रानं 1897 चाच कायदा लागू केला. त्यामुळे जुना कायदा बदलायला हवा होता, असं आपण म्हणतो. हवाच होता. पण तो मसुदा जसाच्या तसा मंजूर झाला असता तर 2017 च्या ऑगस्टमध्ये यवतमाळच्या वॉर्डात काय वेगळं घडलं असतं? मला तरी उत्तर सापडत नाही. एखाद्या धोरणाची पारख करताना हा प्रश्न फार कामाचा आहे.

कागदावरचा रकाना आणि नेहमीचंच दुखणं

यवतमाळमध्ये कळवायची सोयच नव्हती असं नाही. दोन सोयी होत्या.

पहिली, 1968 चा कीटकनाशक कायदा. त्याच्या कलम 26 नुसार, कीटकनाशक हाताळताना किंवा वापरताना झालेल्या विषबाधेच्या घटना कळवणं राज्य सरकार अधिसूचना काढून बंधनकारक करू शकतं. म्हणजे 2017 च्या आधी जवळपास पन्नास वर्षं ही तरतूद पुस्तकात होती.

दुसरी, 2004 मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम. त्यात तीन फॉर्म असत. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेनं लक्षणांवरून भरायचा एस, डॉक्टरांनी भरायचा पी, प्रयोगशाळेनं भरायचा एल. दर आठवड्याला आकडे वर जायचे. ताप, खोकला, जुलाब, कावीळ, अचानक आलेला लुळेपणा अशा रकान्यांच्या शेवटी एक रकाना होता: वरच्या कशातच न बसणारी, पण मृत्यू किंवा भरती होण्याइतकी गंभीर अशी असाधारण लक्षणं. मला विचाराल तर जैविक हल्ल्याची या देशातली सगळ्यात महत्त्वाची तयारी हा एक रकाना आहे. नवा, अनोळखी, यादीत नसलेला हल्ला पकडायचा तर तो इथंच पकडला जाणार.

मग अडलं कुठं? रकान्यात 'असाधारण' असा शब्द आहे. यवतमाळमध्ये विषबाधा असाधारण आहे का? फवारणी केल्यावर भोवळ येणं, दोन दिवस डोळे चुरचुरणं हे कापूस पिकवणाऱ्या गावांत सगळ्यांना माहीत. 'औषध लागलं' म्हणतात, लिंबू-पाणी पितात, निजतात. त्यात हा जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जातो. दवाखान्यात विषाचा रुग्ण आला की पहिला तर्क कुठं जाईल ते सांगायला नको. अशा जिल्ह्यात विषबाधेचे आकडे वाढले तरी ते नेहमीच्याच आकड्यांत मिसळून जातात.

संख्याशास्त्र शिकलेल्यांच्या भाषेत, संकेत ओळखायचा तर आधाररेषा माहीत हवी. एरवी जुलैच्या एका आठवड्यात किती रुग्ण येतात हे मोजलेलंच नसेल, तर यंदा दुप्पट आले हे कसं कळणार? आणि आधाररेषा मुळातच उंच असेल, म्हणजे माणसं रोजच मरत असतील आणि त्याची सवय झाली असेल, तर हल्ला लपायला तीच जागा सगळ्यात चांगली. शेतमजुराचं रोजचं दुखणं न मोजणारी यंत्रणा हल्लाही मोजू शकणार नाही. शेतमजुराच्या आरोग्याचा प्रश्न आणि राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न इथं एक होतात.

ओरेगॉन आणि टोकियो

हे माझं नुसतं अनुमान नाही, बाहेरच्या जगातली दोन प्रकरणं हेच दाखवतात.

पहिल्याचा धागा आपल्या पुण्याशी जुळतो. कोरेगाव पार्कातून 1981 मध्ये अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या अनुयायांतल्या काही जणांनी 1984 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओरेगॉन राज्यातल्या द डॅलस या गावी हॉटेलांमधल्या सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळले. 751 लोक आजारी पडले, मृत्यू कुणाचा झाला नाही. साथ आली आहे हे आरोग्य खात्यानं नेहमीच्या सर्वेक्षणातून ओळखलं, रुग्ण मोजले, जिवाणू शोधला. पण हा घातपात आहे हे तेव्हा ठरलं नाही. जेवण हाताळणाऱ्यांच्या अस्वच्छतेवर ठपका आला. खरं कारण पोलीस तपासात बाहेर आलं, जवळपास वर्षानं. म्हणजे हेतू वर्षभर न कळताही रुग्णांवर उपचार झाले, कारण जुलाबाचे रुग्ण मोजण्याची साधी यंत्रणा जागेवर होती.

दुसरं टोकियोचं. 20 मार्च 1995 ला ओम शिनरिक्यो पंथानं भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला. (याच पंथानं त्याआधी अँथ्रॅक्सचे जिवाणूही हवेत सोडून बघितले होते, तो प्रयत्न फसला.) एकट्या सेंट ल्यूक रुग्णालयात त्या दिवशी सहाशेहून जास्त लोक आले. सरिन आणि प्रोफेनोफॉससारखी शेतातली ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं एकाच रासायनिक कुळातली. दोन्ही शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं विकर बंद पाडतात. रक्तातली त्याची पातळी तपासली की निदानाला आधार मिळतो. औषधंही तीच: अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम. टोकियोच्या डॉक्टरांच्या हाताशी ही औषधं होती, कारण कीटकनाशकाच्या विषबाधेवर ती आधीपासून वापरली जात होती.

आता यवतमाळकडे परत या. फवारणीच्या मिश्रणांत निरनिराळी रसायनं होती, सगळीच ऑर्गनोफॉस्फेट नव्हती, आणि काहींवर ठरावीक उतारा नाहीच. पण जिथं संशय ऑर्गनोफॉस्फेटचा होता तिथं कोलिनएस्टरेजची तपासणी ही पहिली पायरी होती. ती यवतमाळात वेळेवर होत नव्हती, हे त्या काळच्या वार्तांकनात वारंवार आलं. त्याच महाराष्ट्रात, जवळपास 600 किलोमीटरवर, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत 2012-13 पासून बीएसएल-4 प्रयोगशाळा आहे. जगातले सगळ्यात घातक विषाणू तिथं हाताळता येतात. ती हवीच. 2018 मध्ये केरळमध्ये निपाह आला तेव्हा निदानावर शिक्कामोर्तब पुण्यानंच केलं. पण लक्षात ठेवा, पुण्याला नमुना मिळाला कारण कोझिकोडमधल्या डॉक्टरांना एकाच घरातला दुसरा रुग्ण बघून शंका आली. शंका आली नसती तर बीएसएल-4 ला तपासायला काही मिळालंच नसतं.

बूथवरची बाटली

अजून एक घटना, कारण तयारीच्या दुसऱ्या टोकाबद्दल ती सांगते. हल्ला ओळखला गेला, तर पुढची पायरी म्हणजे लाखो लोकांपर्यंत औषध किंवा लस पोचवणं. ते काम कोण करणार? जे आज पोलिओचा बूथ चालवतात तेच. 31 जानेवारी 2021 ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात भरती करावं लागलं. सुदैवानं ती बरी झाली, आणि कारवाई झाली ती बूथवरच्या कर्मचाऱ्यांवर.

ही चूक अक्षम्य आहे, यात वाद नाही. पण संशोधकानं 'कुणाची चूक' या प्रश्नाबरोबर 'अशी चूक शक्य कशी झाली' हाही विचारायला हवा. करोनाच्या दिवसांत बूथवर सॅनिटायझरची बाटली आली, ही नवी गोष्ट होती. प्रशिक्षण, देखरेख, बाटल्यांची मांडणी त्या प्रमाणात बदलली होती का? आणीबाणीत तर अनेक गोष्टी एकदम नव्या येतील. यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत आणि 2011 च्या जनगणनेनुसार साडेसत्तावीस लाखांवर लोक. शांत रविवारी जे जमलं नाही ते घबराटीच्या दिवशी जमेल, असं मार्गदर्शक तत्त्वं गृहीत धरतात आणि पुढे जातात.

मग टीका काय झाली?

'अंमलबजावणी कमी पडते' हे वाक्य आपण वापरलं नाही. त्याऐवजी तीन गोष्टी म्हटल्या. हे दस्तऐवज आपत्तीला नाव पडल्यानंतर सुरू होतात, अडचण मात्र नाव पडण्याआधी आहे. ते अधिकार वाटतात, किमान सोयींचं कर्तव्य कुणावर टाकत नाहीत. आणि ते असाधारण गोष्टीची वाट बघतात, पण ज्या जिल्ह्यात माणसांचं विषानं मरणं साधारण झालंय तिथं ही वाट चुकते. यातलं प्रत्येक विधान खोटं ठरू शकतं. कुणी पुरावा आणून दाखवला तर मला मागे घ्यावं लागेल. टीका अशीच हवी.

माझ्या मांडणीतला कच्चा दुवाही सांगून ठेवतो. मी फसलेलं प्रकरण निवडलं. एका जिल्ह्यावरून सगळ्या राज्याबद्दल बोलता येत नाही. कदाचित दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात हाच रकाना वेळेवर भरला गेला, गोष्ट तिथंच मिटली, म्हणून आपल्याला कळलीच नाही. वेळेत टळलेली आपत्ती बातमीत येत नाही. म्हणून यावर काम करायचं असेल तर दोन-तीन जिल्हे घ्या आणि मोजता येईल असं एकच माप ठरवा: पहिला रुग्ण दाखल झाला तो दिवस, आणि जिल्ह्याच्या बाहेर पहिला लेखी अहवाल गेला तो दिवस, यांत अंतर किती? रुग्णालयाच्या नोंदवह्या, साप्ताहिक फॉर्म, माहिती अधिकारातून मिळणारी पत्रं यांवरून ते काढता येईल. हे सर्वेक्षण 2021 पासून नव्या ऑनलाइन मंचावर चालतं, तेव्हा आधीचं आणि नंतरचं अंतर यांची तुलनाही होऊ शकते. रुग्णांची नावं-गावं मात्र तुमच्या वहीतसुद्धा सांकेतिकच ठेवा. नैतिक मान्यतेचा अर्ज नोंदवह्या मागायच्या आधी, नंतर नाही.

आणि फिल्डवर जाल तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती आराखड्याची फाइल मागाच. पण त्याआधी एकदा अपघात विभागात रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा: कोलिनएस्टरेज तपासायचं असेल तर रक्त कुठं पाठवता, आणि रिपोर्ट कधी येतो? जिल्ह्याच्या तयारीबद्दल त्या फाइलपेक्षा सिस्टरच्या उत्तरातून जास्त कळेल.